गावाचा आराखडा करताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात ग्रामविकास आराखडा नसलेली ग्रामपंचायत विरळाच. केंद्राचा निधी कसा वाटायचा ते वित्त आयोग सुचवतो; 14व्या वित्त आयोगाच्या काळात ‘आमचं गाव, आमचा विकास’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हापासून दरवर्षी आराखडा होतो, ग्रामसभेत मंजूर होतो, आता तर पंचायतींच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवरही चढतो. पण गल्लीत उभं राहून ‘यंदा आराखड्यात तुमच्या भागातलं काय आहे?’ असं विचारा, लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. कामांची यादी चार जणांनी आधी केलेली असते आणि ग्रामसभा वरातीमागून घोडं तशी येते. लोक येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे तपासावं, की लोक यावेत अशी सोय आपण केली होती का.

वेळ चुकली की सभा गेली

सकाळी दहाची ग्रामसभा ही कार्यालयाच्या सोयीची वेळ. त्या वेळी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतला कामगार पाळीवर असतो, शेतकरी पाण्याच्या पाळीवर. संध्याकाळी सहाची ठेवली तर बायका धारा काढून डेअरीवर दूध घालायला गेलेल्या. आपल्याकडं दूध संस्थेची वेळ हे गावाचं खरं घड्याळ आहे. संकलन संपल्यावर, म्हणजे साधारण रात्री आठच्या पुढं किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळचं दूध घातल्यावर अकराच्या सुमारास लोक मोकळे असतात. त्यातही शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे बघूनच तारीख धरा. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी कधी, ते गावातल्या कामगारांनाच विचारा.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा. त्या बदलू नका, पण आराखड्याचं सगळं काम त्यांच्यावर ढकलूही नका. 15 ऑगस्टला झेंडावंदन, सत्कार, भाषणं होईतो लोक निम्मे पांगलेले असतात. आराखड्यासाठी विशेष ग्रामसभा घ्या आणि त्याआधी भागाभागात लहान बैठका.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. 2,400 मतदारांच्या गावात 15 टक्के म्हणजे 360, म्हणून तिथं 100 माणसं पुरतात. 500 मतदारांच्या गावात 75 लागतात. इथंच एक सवय लागते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग पहिली सभा तहकूब व्हावी अशाच बेतानं बोलवायची आणि दुसरीत पंधरा जणांत आराखडा मंजूर करायचा. कायद्यात बसतं, पण त्या आराखड्याला गावात कुणी आपला म्हणत नाही. नोटीस फळ्यावर चिकटवून थांबू नका. दवंडी द्या, डेअरीच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर लावा, घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगा. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहेच, पण तो बहुतेक पोरांचा. सत्तरीतल्या आजीला तो दिसत नाही.

‘काय पाहिजे?’ असं विचारू नका

या प्रश्नाला ठरलेली उत्तरं येतात: काँक्रीट रस्ता, गटर, सभामंडप, पेव्हर ब्लॉक. शेजारच्या गल्लीत जे झालं तेच माणूस मागतो. प्रश्न अडचणीचा असावा. ‘पावसाळ्यात घरासमोर पाणी किती दिवस थांबतं?’, ‘उन्हाळ्यात पाण्याला कुठं जाता, किती फेऱ्या होतात?’, ‘पोरं पाचवीनंतर शाळेला कुठं आणि कशानं जातात?’, ‘रात्री दवाखाना लागला तर काय करता?’ मागणीचा कागद एका ओळीचा होतो, अडचणीतून दहा गोष्टी कळतात. गटर मागणाऱ्या गल्लीला कधी कधी शोषखड्डे पुरतात. नुसतं गटर बांधलं तर घाण पुढच्या गल्लीच्या तोंडाशी जाते, आणि पुढं ती ओढ्यातून पंचगंगेत.

दुसरी गोम हंगामाची. आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते. त्या वेळी विहिरी तुडुंब, ओढे वाहते, शिवार हिरवंगार. तेव्हा पाणीटंचाई कुणाच्या डोक्यात नसते. गगनबावड्यात पाऊस कोसळतो, तरी डोंगरातल्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये घागर घेऊन हिंडावं लागतं. म्हणून टंचाईची नोंद मेमध्येच करून ठेवा: कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हातपंप किती दांड्यांनंतर घागर भरतो. ऑक्टोबरच्या सभेत ती वही वाचून दाखवा.

पैसा किती, हे आधी सांगा

निधीचा आकडा गुपित ठेवून मागण्या गोळा केल्या की दोन कोटींची यादी तयार होते आणि हातात येतात वीस लाख. मग कात्री चार जण चालवतात. लोकांचा विश्वास उडतो तो याच ठिकाणी.

15व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी अशी वाटणी घातली होती: 60 टक्के बंधित (ठरलेल्या कामांवरच खर्चायचा), 40 टक्के अबंधित (मोकळा). बंधितातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. समजा पंचायतीला 20 लाख मिळाले. 6 लाख पाण्याला, 6 लाख स्वच्छतेला, आणि मोकळे उरतात 8 लाख. हे गणित खडूनं फळ्यावर मांडा. रस्त्यासाठी भांडणारे तिघं ‘म्हणजे आठच लाख व्हय?’ म्हणतात आणि चर्चा जमिनीवर येते. आयोग बदलला की टक्के बदलतात, 2020-21 मध्ये तर ही वाटणी निम्मी-निम्मी होती. म्हणून गेल्या वर्षीचा कागद न वापरता चालू वर्षाचं पत्र समोर ठेवा. शिवाय स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी वेगळे काढायचे असतात. ते कशावर खर्चायचे, हे त्या-त्या लोकांनाच विचारा. खुर्च्या आणि भांड्यांच्या संचावर दरवर्षी संपवू नका.

सगळ्याच कामांना पैसा लागत नाही, हेही याच वेळी सांगायचं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. खर्च शून्य. आराखड्यात बिनखर्ची कामांना जागा असते आणि बहुतेक गावांत ती रिकामी राहते.

नकाशा लोकांनी काढायचा, आणि त्यावर पूररेषा हवीच

तलाठ्याकडचा नकाशा गटनंबर सांगतो, गावाची अडचण सांगत नाही. मोकळ्या जागेत साधारण बारा फूट लांब-रुंद चौकोन आखा. रांगोळी, कोळसा, विटेचे तुकडे, पानं एवढं सामान पुरतं. दोन-अडीच तास धरा. आधी नदी-ओढा, मग रस्ते, मग घरं, शेवटी नळ, दिवे, शाळा, अंगणवाडी. खडू गावकऱ्याच्या हातात. तो ग्रामसेवकाच्या हातात गेला की बाकीचे बघे होतात. जागा निवडताना जपा: तालमीच्या किंवा देवळाच्या दारात काढला तर काही घरांतल्या बायका आणि काही वस्त्यांतली माणसं कडेलाच उभी राहतात. शाळेचं पटांगण बरं. झालं की उंचावरून फोटो घ्या, त्याच दिवशी ड्रॉइंग शीटवर उतरवा. पोरं खेळायला आली की रांगोळी पुसली जाते.

करवीर, हातकणंगले, शिरोळच्या नदीकाठच्या गावांत पुढची पायरी चुकवू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. पण बंधाऱ्यावरचे 43 फूट म्हणजे आपल्या गावात कुठपर्यंत, हे सरकारी कागदात सापडत नाही. ते जुन्या माणसांना पाठ असतं. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांच्या खुणा भिंतींवर, विजेच्या खांबांवर शोधा, टेपनं जमिनीपासून मोजा आणि नकाशावर तीन रंगांत ओढा. मग रस्ते बंद होण्याचा क्रम विचारा: आधी कोणता ओढा चढतो, बाहेर पडायचा शेवटचा रस्ता कोणता, जनावरं कुठं हलवता.

आता यादीतली कामं या नकाशावर ठेवून बघा. नवी अंगणवाडी 2019 च्या रेषेच्या आत निघते, कारण गायरानाची फुकटची जागा तिथंच होती. पाणीपुरवठ्याची जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, नदीकाठाला असणारच, पण तिचा पॅनेल बोर्ड आणि ट्रान्सफॉर्मर कोणत्या उंचीवर आहेत? ते बुडाले की भोवती महापूर आणि घरात प्यायला तांब्याभर पाणी नाही. पॅनेल उंचावर घेणं, जनरेटर जोडायची सोय करणं, वरच्या भागात एखादी बोअर राखून ठेवणं ही कामं कुणी आपणहून मागत नाही. रेषा दिसली की मागतात.

एक गल्लत शहराजवळच्या गावांत होते. कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात 2017 पासून 42 गावं आहेत. तिथल्या सभेत बांधकाम परवाना आणि जमीन-वापराचे प्रश्न निघतात आणि सगळा वेळ त्यातच जातो. तो विषय प्राधिकरणाचा. सुरुवातीलाच सांगा, लेखी प्रश्न वेगळे घ्या आणि पाठवून द्या.

महिलासभा दाराआड

महिलासभा ग्रामसभेच्या आधी व्हायला हवी. ती होते, पण दारात नवरे उभे आणि आत ‘होय होय’. पुरुष पदाधिकारी बाहेर थांबतील असं आधीच ठरवा. बचत गटाच्या सीआरपी ताईंनी, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्यांनी, सभा चालवली तर बायका मोकळ्या होतात. एक नमुना बघा: दिव्यांचा विषय निघाला की पुरुष चौकात हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा मागतात. बायकांना विचारा, त्या सार्वजनिक शौचालयाकडं जाणाऱ्या बोळातले तीन खांब दाखवतात. खर्च कितीतरी कमी. पण महिलासभेचा ठराव मुख्य ग्रामसभेत वाचलाच गेला नाही तर तो कागदावरच राहतो. म्हणून विषयपत्रिकेवर तो पहिला घ्या, आणि वाचायला बाईच उभी राहू दे.

वाड्या, वस्त्या आणि कोप्या

शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगडच्या धनगरवाड्यांतून गावठाणात यायला डोंगर उतरावा लागतो. त्यांना सभेला बोलवू नका, तुम्ही जा. एक बैठक तिथंच, आणि तिचं इतिवृत्त तिथंच वाचून सह्या. ऊसतोडीच्या टोळ्या मतदार नसतात, पण हंगामात कित्येक महिने गावाच्या शिवारात राहतात. त्यांच्या कोप्यांना, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांना, पाणी कुठून आणि पोरं अंगणवाडीत येतात का, एवढं तरी आराखड्यात असावं.

प्राधान्य हात वर करून ठरवू नका

हात वर करताना माणूस आधी भावकीकडं बघतो. प्रत्येकाला पाच चिंचोके द्या, कामांच्या चित्रांसमोर डबे ठेवा, आडोशाला ठेवा. एका कामावर जास्तीत जास्त दोन चिंचोके, नाहीतर एक मोठी गल्ली सगळं ओढून नेते. बायकांचे डबे वेगळे मोजा आणि दोन्ही निकाल शेजारी-शेजारी लिहा. मोजणी सगळ्यांसमोर. जास्त चिंचोके पडलेलं काम मोठ्या गल्लीचंच असलं, तर ‘किती घरांना उपयोग’ आणि ‘आधी तिथं काही झालंय का’ या दोन रकान्यांनी तोल साधा. सगळ्यांना खूश करायला वीस-वीस हजारांची चाळीस कामं धरू नका. त्यातलं एकही धड पुरं होत नाही.

उत्तर देणं राहून जातं

कोऱ्या पानावर आधी सह्या घेणं बंद करा. ठराव मोठ्यानं वाचा, मग सह्या. मागण्यांची वही पाच रकान्यांची ठेवा: अडचण, ठिकाण, किती घरं, कुठल्या बैठकीत आली, पुढं काय झालं. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. ‘नाही’ असेल तर कारणासकट लिहा: ‘निधी बंधित’, ‘जागा खाजगी’, ‘जिल्हा परिषदेकडं पाठवलं’. आराखडा मंजूर झाल्यावर पंधरा दिवसांत ही यादी डेअरीच्या भिंतीवर लागली पाहिजे.

आराखड्यात नसलेलं काम वर्षाच्या मधे घुसवलं तर पोर्टलवर बिल काढताना अडतं. पुरात पूल वाहून गेला असं काही झालं तर पुरवणी आराखडा करा, त्यालाही ग्रामसभेची मंजुरी घ्या, आणि कोणतं जुनं काम मागं टाकलं ते त्याच ठरावात लिहा. ते काम ज्या गल्लीचं होतं, तिथल्या लोकांना सभेआधीच जाऊन सांगा.