शस्त्रक्रियेपूर्वी यकृताची क्षमता कशी जोखावी

हर्निया किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी गडहिंग्लज, चंदगड, राधानगरीकडून कोल्हापुरात येणाऱ्या रुग्णाच्या फायलीत एलएफटीचा (यकृताच्या कार्याच्या रक्तचाचण्यांचा) अहवाल बहुधा असतोच. परंतु त्यातील एसजीपीटी या यकृतपेशींमधील विकराचा (एन्झाइमचा) आकडा मर्यादेत दिसला की नातेवाईक निश्चिंत होतात. हा आकडा यकृताच्या पेशींना होणारी इजा दाखवतो, यकृताचे काम नव्हे. सिरोसिस (यकृत व्रणांनी कठीण होणे) झालेल्या रुग्णातही तो सर्वसाधारण येऊ शकतो, म्हणून त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

प्रथम पूर्वेतिहास नीट विचारावा: मद्यपान, मधुमेह, रक्त चढवले होते का, कावीळ कधी झाली आणि तिच्यासाठी झाडपाल्याचे कोणते औषध घेतले. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे आवर्जून विचारायला हवा. शिवाय आपल्या भागात कावीळ नवी नाही; इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. अशी ताजी कावीळ असताना, तातडीची गरज नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी.

त्यानंतर चाइल्ड-प्यू गुणांकन, म्हणजे सिरोसिसची तीव्रता मोजण्याची गुणपद्धत, वापरावी. बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात बनणारे रक्तातील प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्यास लागणाऱ्या वेळेचे माप), जलोदर (पोटात पाणी साठणे) आणि यकृतविकारामुळे आलेला मानसिक गोंधळ या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले जातात. समजा, हर्नियाच्या एका रुग्णाचे बिलिरुबिन २.४ (२ गुण), अल्ब्युमिन ३.० (२), आयएनआर १.४ (१), जलोदर थोडा (२) आणि शुद्ध पूर्ण (१) आहे. बेरीज ८ होते. ५-६ गुण म्हणजे ए, ७ ते ९ बी आणि १० ते १५ सी गट. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूचे प्रमाण जुन्या अभ्यासांत अनुक्रमे सुमारे १०, ३० आणि ८० टक्के आढळले. आज ते कमी असले, तरी गटांचा क्रम तोच राहतो.

जलोदर ‘थोडा’ की ‘बराच’ हे तपासणाऱ्याच्या नजरेवर ठरते. म्हणून बिलिरुबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि आयएनआर यांवरून काढलेला मेल्ड गुणांकही सोबत पाहावा. तो १५ च्या वर असल्यास नियोजित शस्त्रक्रिया सहसा टाळतात. प्लेटलेट दीड लाखांखाली असतील, तर यकृताकडे रक्त नेणाऱ्या प्रवेशिका शिरेतील (पोर्टल व्हेन) दाब वाढल्याची शंका येते; म्हणून सोनोग्राफीत ती शिरा व प्लीहा (पाणथरी) यांकडे लक्ष द्यायला सांगावे. पित्तनलिका अडल्यामुळे आयएनआर वाढला असल्यास तो व्हिटॅमिन ‘के’ दिल्यावर सुधारतो. पेशीच निकामी असतील, तर फारसा सुधारत नाही.

वरील रुग्णात घाई नसेल, तर आधी मीठ कमी करून आणि औषधांनी जलोदर आटोक्यात आणावा, प्रथिनयुक्त आहार द्यावा व पुन्हा गुण मोजावेत, कारण पोटात पाणी राहिल्यास जखमेतून ते झिरपते आणि हर्निया पुन्हा होतो. आतडे अडकले असेल, तर मात्र थांबता येत नाही; अशा वेळी हे सर्व आकडे भूलतज्ज्ञांसमोर ठेवून अतिदक्षता विभागातील खाट आधीच राखून ठेवावी.