पेठेतला बाजार जगवायचाय? मग या चुका टाळा

"लक्ष्मी रस्ता संपला आता." पुण्यात आमच्या पेठेत दुपारच्या चहाला कुणी ना कुणी हे म्हणतंच. मॉलने खाल्लं, ऑनलाइनने खाल्लं, पार्किंगने मारलं. मी मॅचिंगच्या, म्हणजे साडीला जुळणाऱ्या ब्लाउजच्या कापडाच्या दुकानात लहानाची मोठी झाले, आज गल्ल्यावर बसते. पहिली दोन कारणं मला अर्धी खरी वाटतात. तिसरं तपासून पाहिलं, तेव्हा वेगळंच निघालं. गिऱ्हाईक दुरावण्यात आपला स्वतःचा वाटा मोठा आहे, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना बघवत नाही म्हणून हे लिहिते.

"पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक नाही"

व्यापाऱ्यांच्या कुठल्याही बैठकीला जा, पहिलं भाषण पार्किंगवर. मीही कित्येक वर्षं मान डोलावली. मग एका आषाढात धंदा थंड होता, तेव्हा वही घेऊन उंबऱ्याशी बसले. आमच्या ओळीतल्या सात दुकानांसमोर चौदा दुचाक्या मावतात. सहा दिवस, सकाळी दहा ते रात्री आठ, दर तासाला नंबर लिहून काढले. तिसऱ्या दिवशी नंबर पाठ झाले, कारण रोज तेच होते. चौदातल्या नऊ गाड्या सकाळी यायच्या त्या शटर पडल्यावरच हलायच्या. दोन चपलांच्या दुकानातल्या मुलांच्या, एक फॉल-पिकोवाल्याची, एक सराफाकडच्या हिशेबनिसाची, अशा सगळ्या आपल्याच माणसांच्या. त्यात एक माझी होती. गिऱ्हाइकांना उरायच्या पाच जागा.

पुढच्या बैठकीत मी हे वाचून दाखवलं. एक ज्येष्ठ काका तडकले, "तू आपल्यातली आहेस की वाहतूकवाल्यांची?" मी वही त्यांच्यासमोर ठेवली. तिसरा नंबर त्यांच्या मुलाच्या गाडीचा होता. दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत, पण त्यांच्या मुलाची गाडी तिथून हलली.

तेव्हापासून माझी स्कूटर मंडईजवळच्या बाबू गेनू वाहनतळात असते आणि मी चालत येते. दुकानातल्या मुलींच्या बस-मेट्रोच्या पासचे पैसे मी देते. शेजारच्या दोघांनी तसंच केलं. रोज चार जागा मोकळ्या झाल्या, एक वीट न रचता.

दुसरी सवय म्हणजे बिल करताना विचारायचं, "ताई, कशाने आलात?" आणि गल्ल्याजवळच्या कागदावर एक रेघ ओढायची. महिनाभर हे करा आणि मगच पार्किंगवर बोला. आपला अंदाज चुकतो, आणि तो फक्त आपलाच चुकतो असं नाही. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली सस्ट्रान्स या संस्थेने दुकानदारांना विचारलं, तेव्हा त्यांना वाटत होतं की ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं. प्रत्यक्षात ते २२ टक्के निघालं. आपल्याकडे तर २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडईला स्टेशन आलं. पिंपरीची बाई साडी घेऊन थेट मंडईत उतरते. तिला स्टेशनपासून आपल्या दुकानापर्यंत धड चालता येतं का, हा प्रश्न बैठकीत कुणी विचारत नाही.

"रस्ता बंद केला की झालं"

ही उलट्या टोकाची चूक. ती बहुतेक आराखडे काढणाऱ्यांची असते. अमेरिकेत कलमझू शहराने १९५९ साली मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद करून पादचारी केला. त्याचं पाहून कितीतरी शहरांनी तसंच केलं, आणि बहुतेकांनी ते रस्ते पुढे पुन्हा गाड्यांना उघडले. खुद्द कलमझूने १९९८ मध्ये उघडला. तिथली माणसं उपनगरात राहायला गेली होती, त्यामुळे चालायला कुणी उरलंच नव्हतं. कोपनहेगनचा स्ट्रॉएट हा बाजाररस्ता १९६२ पासून पायी फिरणाऱ्यांचा आहे आणि आजही भरलेला असतो, कारण त्याच्या आजूबाजूला वस्ती आहे.

पुण्यात ११ डिसेंबर २०२१ पासून पादचारी दिनाला नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा लक्ष्मी रस्त्याचा टप्पा वाहनांना बंद ठेवतात. मला तो दिवस फार आवडतो. आजी-आजोबा रस्त्याच्या मधोमध चालताना दिसतात, बाया न बिचकता दुकानांच्या काचांपाशी थांबतात. पण एका दिवसाची गर्दी बघून "वर्षभर बंद करा" म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे, आधी मालाचा टेम्पो कधी येणार ते ठरवा. दिल्लीच्या चांदणी चौकात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे, म्हणजे माल त्याच्या आधी किंवा नंतर. इथेही तसं बसवता येईल. मी माझा माल आताच सकाळी आठच्या आत उतरवून घेते.

ऑनलाइनशी भावात भांडणं

हे नवीन मुलांना कितीही सांगितलं तरी पटत नाही. वडिलांकडून दुकान हाती आलं की पहिल्या महिन्यात फॉल्स सीलिंग, एसी, काचेचं दार. दुसऱ्या महिन्यात सेल. तिसऱ्यात रील. सहाव्यात "इथे काही राम नाही" म्हणून जागा मोबाइल कव्हरवाल्याला भाड्याने. सहा महिन्यांत दुकान बसत नाही रे बाळांनो, गिऱ्हाइकाची दुसरी दिवाळी यावी लागते.

सेलच्या पैशासाठी माल कमी करतात, तिथे खरा घात होतो. आमच्याकडे टू बाय टू रुबियाच्या, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाच्या, नुसत्या हिरव्याच्या बावीस छटा आहेत. त्यातल्या दहा वर्षभर जेमतेम हलतात. नूतनीकरणाच्या वेळी मीही त्या काढून टाकल्या आणि वर पांढरेशुभ्र एलईडी लावले. पंधरा दिवसांत डोंबिवलीहून एक मावशी आल्या. भाचीच्या लग्नाची मोरपंखी पैठणी आणि आमच्याकडून नेलेल्या कापडाचा शिवून झालेला ब्लाउज, दोन्ही पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "दुकानात एक दिसत होतं गं, अंगणात नेलं तर वेगळंच." मी दोन्ही घेऊन रस्त्यावर उन्हात आले. साडी निळ्याकडे झुकलेली, ब्लाउज उघड उघड हिरवा. बरोबर जुळणारी छटा मी काढून टाकलेल्या दहांत होती. लग्नाला चार दिवस होते. बाबांनी माळ्यावरून जुनं ठाण शोधून दिलं, शिलाई आम्ही भरली, आणि त्याच आठवड्यात दहाही छटा फळीवर परत आल्या.

आता कुठलंही कापड कापायच्या आधी साडी आणि ठाण घेऊन गिऱ्हाइकाला उंबऱ्याबाहेर नेते. बाबा तीस वर्षं हेच करत होते आणि मला ते जुनाट वाटायचं. पडद्यावर रंग बघून घेतलेल्या कापडाला हे ऊन मिळत नाही. पेठेत यायचं कारण हेच आहे, ते दहा टक्के सवलतीत विकू नका.

आणखी काही, थोडक्यात

दुपारी एक ते चार बंद ठेवू नका. मेट्रोने येणाऱ्या बायका घरचं आवरून त्याच वेळात निघतात. आम्ही पाळीपाळीने जेवतो.

पथारीवाल्यांना हाकलायच्या मागे लागू नका. कानातली आणि केसांची क्लिपं घ्यायला तुळशीबागेत आलेली मुलगीच पुढे आपल्याकडे ब्लाउजपीस घेते. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात त्यांना जागा नेमून देण्याची तरतूद आहे. ती नीट अमलात यावी आणि पदपथ चालण्यापुरता मोकळा राहावा, यासाठी त्यांच्याबरोबर बसा. आणि पदपथावर आपल्या दुकानातले कपडे घातलेले पुतळे मांडू नका.

वरचे मजले गोदामाला देताना दहादा विचार करा. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, त्यांत माणसं राहिली तर रात्री आठनंतरही रस्ता जागा राहतो.

आणि स्वच्छतागृह. लग्नाचा बस्ता म्हणजे पाच-सहा तासांचं काम, बरोबर एखादी आजी, एखादी गरोदर वहिनी. त्यांना जायला जागा नसेल तर खरेदी अर्धी टाकून त्या घरी निघतात आणि पुढच्या वेळी मॉलमध्ये जातात. हे पुरुषांच्या बैठकीत कधी निघत नाही, म्हणून मी दर वेळी काढते. आमच्या मागच्या बाजूचं स्वच्छतागृह कुणाही बाईसाठी उघडं असतं, खरेदी करो न करो. दर दोन तासांनी धुतलं जातं. किल्ली आधी गल्ल्यात असायची, पण मागायला बायका संकोचायच्या. आता ती दाराशेजारच्या खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली असते.