गाइडने ‘ह्युमिक ॲसिड आणि कॉपर’ हा विषय दिलाय? मग हे वाचून घ्या

नदीच्या पाण्यात विरघळलेली ह्युमिक-फल्विक ॲसिडं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून तयार होणारे सेंद्रिय पदार्थ) तांबं कसं धरून ठेवतात, यावर ज्यांचं काम नुकतंच सुरू होतंय त्यांच्यासाठी लिहितेय. लगेच कॅन घेऊन नदीवर पळू नका. अमेरिकेत जॉर्जियातल्या ओकेफेनोकी दलदलीतून सुवानी नदी निघते, पाणी एकदम तपकिरी, तिचं फल्विक ॲसिड इंटरनॅशनल ह्युमिक सब्स्टन्सेस सोसायटी स्टँडर्ड म्हणून विकते आणि जगभर तेच वापरतात, म्हणजे तुमचे आकडे इतरांशी ताडून बघता येतात. महाग आहे, जपून वापरा, पण हात त्याच्यावरच बसवा.

आता खरी गोम. हा काही एक रेणू नाही, असंख्य रेणूंचं मिश्रण आहे. कार्बॉक्सिल, फिनॉलिक ग्रुप ढीगभर, पण तांबं घट्ट धरणाऱ्या जागा मोजक्याच, आणि एसटीत खिडकीच्या सीट आधी जातात तशा त्याच आधी भरतात. त्यामुळे कुणी ‘बाइंडिंग कॉन्स्टंट (पकड किती घट्ट, त्याचा आकडा) किती आला?’ विचारलं की उलट विचारायचं, किती तांब्याला आणि कुठल्या पीएचला? पीएच वाढला की पकड वाढते, कॅल्शियम जास्त असेल तर ते मध्ये घुसतं.

नदीत तांबं बहुतेक वेळा लिटरला काही मायक्रोग्रॅमच असतं आणि आपण टायट्रेशन (थोडं थोडं तांबं टाकत मोजणं) करतो त्याच्या कितीतरी वर, का तर तिथे कॉपर इलेक्ट्रोड, म्हणजे कशालाही न बांधलेलं मोकळं तांबं मोजणारा, पटकन स्थिरावतो! खालच्या टोकाला एकेका रीडिंगला ताटकळायची तयारी ठेवा. इलेक्ट्रोडवर उजेड पडू देऊ नका, मीठ म्हणून क्लोराइडऐवजी पोटॅशियम नायट्रेट घ्या, पाण्यात नायट्रोजन सोडत राहा नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून होणारं कार्बोनेटही तांबं धरतं आणि श्रेय फल्विकला जातं. कॅलिब्रेशनचा स्लोप २५ अंशाला, मोकळं तांबं दहापट झालं की साधारण २९ मिलिव्होल्ट यायला हवा, नाही आला तर पुढे जाऊच नका. आणि टाकलं तेवढं तांबं पाण्यात आहेच असं धरू नका, बीकरच्या भिंतीलाही चिकटतं, शेवटी एकूण तांबं परत मोजा.

नोकरीचं म्हणाल तर माशांच्या कल्ल्यांना मुख्यतः मोकळं तांबं बाधतं, म्हणून अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) २००७ मध्ये गोड्या पाण्यातल्या तांब्याचे निकष बायोटिक लिगँड मॉडेलवर (पाण्याच्या रसायनावरून कल्ल्यांना किती तांबं चिकटेल हे काढणारं गणित) बसवले आणि त्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन हा एक इनपुटच आहे. हे चालवता येणाऱ्याला पर्यावरण कन्सल्टन्सीत विचारतात. व्हिज्युअल मिनटेक हे पाण्यातला धातू कशाकशाला बांधलाय ते काढणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात फल्विकची मॉडेल्स आहेत, इलेक्ट्रोड स्थिरावेपर्यंत तेच उघडून बसा.