लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलून सगळी माहिती पुन्हा जागेवर आणण्याची रीत

सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे घेऊ लागला की घरात नव्या लॅपटॉपची बोलणी सुरू होतात. बहुतेक वेळा प्रोसेसरमध्ये काही बिघडलेले नसते. अडते ते आत फिरणाऱ्या हार्ड डिस्कपाशी. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी ही डिस्क सलग वाचनात सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग देते, आणि इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फाइली वाचायच्या झाल्या की त्याच्याही कितीतरी खाली येते. विंडोज सुरू होणे म्हणजे अशा हजारो लहान फाइली वाचणेच असल्यामुळे, त्याच जागी सेकंदाला ५०० एमबीपर्यंत जाणारी साटा एसएसडी (साटा जोडणीची, आत काहीही न फिरणारी चिपची डिस्क) बसवली की जुना लॅपटॉप आणखी काही वर्षे नीट काम देतो.

स्क्रू काढून डिस्क बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. खरी काळजी घ्यायची असते ती माहितीची, आणि त्यासाठी माझा आग्रह एका नियमाचा आहे: नवी डिस्क पूर्णपणे तपासून होईपर्यंत जुन्या डिस्कवर काहीही लिहू नये, काहीही पुसू नये. म्हणजेच या कामाला दोन नव्हे, तीन डिस्क लागतात: जुनी, नवी, आणि बॅकअप ठेवण्यासाठी तिसरी बाहेरची डिस्क. पैसे वाचवण्यासाठी तिसरी डिस्क टाळून जुनीवरून थेट नवीवर क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करणारे अनेक आहेत. क्लोन वेगवान असतो हे खरे, पण सोर्स आणि टार्गेट निवडताना एकदा उलट क्लिक झाले की रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. तिसऱ्या डिस्कवर प्रत असेल तर एवढी मोठी चूकही निस्तरता येते.

खरेदीपूर्वी

लॅपटॉपच्या मॉडेलचा सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून आधी उतरवून घ्यावा, कारण कोणती डिस्क बसते हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते. तिची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते. एसएसडी ७ मिलिमीटरच्या येतात आणि जाड खाचेत त्या सैल बसू नयेत म्हणून चौकट लावतात. त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये एम.२ ची, म्हणजे पातळ पट्टीसारख्या एसएसडीची, खाच सापडते. तिथे २२८० हा आकार, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, सर्वांत जास्त चालतो. मात्र खाच दिसली म्हणून ती एनव्हीएमईची, म्हणजे साटाहून वेगवान प्रकारचीच असेल असे नाही, काही खाचा फक्त साटाच्या असतात. अलीकडच्या मॅकबुकमध्ये साठवण बोर्डवरच पक्की केलेली असल्याने तिथे हा मार्ग बंद आहे.

आकाराच्या बाबतीत एक जागा फसवी आहे. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कऐवजी ४८० जीबीची एसएसडी घेणारे पुष्कळ असतात, कारण दोन्ही आकडे जवळपास सारखेच वाटतात. परंतु विंडोजची सिस्टिम इमेज (विंडोज, प्रोग्रॅम आणि फाइली यांची एकत्र साठवलेली प्रत) मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर उतरत नाही, मग आत फक्त १०० जीबी माहिती असली तरी. क्लोनझिलासारखे मोफत साधनही मुळात तेवढी किंवा मोठी डिस्क मागते. एसएसडीच्या कंपन्या देतात त्या क्लोनिंग सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा लहान डिस्कची सोय असते, पण मुळातच जुनीइतकी किंवा मोठी डिस्क घ्यावी आणि हा प्रश्नच मिटवावा.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर डिस्क, एन्क्लोजर (डिस्क आत घालून यूएसबीने जोडायची डबी), बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच हे सगळे एकाच फेरीत मिळते. तिथे जाताना लॅपटॉपचे मॉडेल आणि खाचेचा प्रकार कागदावर लिहून न्यावा, जीएसटीचे बिल घ्यावे आणि बिलावर डिस्कचा सिरीयल नंबर लिहून मागावा. वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो. जुन्या डिस्कसाठी यूएसबी ३.० चे एन्क्लोजर त्याच वेळी घ्यावे. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर झाकण उघडण्याविषयी सेवा केंद्राला आधी विचारावे.

बॅकअप

पहिले काम जुन्या डिस्कची तब्येत पाहण्याचे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून रीअलोकेटेड सेक्टर्स (डिस्कचे खराब होऊन बदललेले भाग) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) या दोन ओळी पाहाव्यात. पेंडिंगचा आकडा शून्याहून जास्त असेल तर पूर्ण इमेजच्या मागे लागण्याआधी महत्त्वाचे फोल्डर हाताने कॉपी करून घ्यावेत, कारण तासभर सलग वाचण्याचा ताण अशी डिस्क सोसेलच असे नाही.

त्यानंतर मी सर्वांत जास्त वेळ देतो तो नेहमीच्या बॅकअपमधून निसटणाऱ्या गोष्टींना. डॉक्युमेंट्स, फोटो आणि डेस्कटॉप सगळ्यांना आठवतात. बाकीचे नंतर शोधावे लागते. वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलींसमोर ढगाचे चिन्ह दिसते त्या लॅपटॉपवर नसतातच, फक्त त्यांचे नाव असते. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबावे. आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे साठवलेल्या ईमेलची फाइल, पाहावी. गृहनिर्माण सोसायटीचा किंवा दुकानाचा हिशेब टॅलीत असेल तर कंपनी निवडताना डेटाचा जो मार्ग दिसतो तो लिहून घ्यावा आणि टॅलीच्या स्वतःच्या बॅकअपनेही एक प्रत काढावी. नव्याने विंडोज टाकणार असाल तर टॅलीचा परवाना आधी टॅलीतूनच सरेंडर (परत) करावा, कारण तो त्या संगणकाशी बांधलेला असतो.

मराठी छपाईचे काम करणाऱ्यांसाठी फॉन्ट हा विषय फार महत्त्वाचा आहे. गिरगावात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे किंवा दादरमध्ये मासिकाची मांडणी करणाऱ्याकडे वीस-वीस वर्षांच्या फाइली श्री-लिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व (आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर फाइल उघडते, पण देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची संपूर्ण प्रत वेगळी ठेवावी, त्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि डोंगल (परवान्यासाठी संगणकाला लावायची छोटी किल्ली) कुठे आहे हे पाहून घ्यावे, आणि कीबोर्डची मांडणी कोणती वापरता तेही टिपून ठेवावे.

आता इमेज. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ या जुन्या नावाखाली सिस्टिम इमेज काढण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ती जुनी ठरवून पुढची सुधारणा थांबवली, तरी साध्या मांडणीच्या लॅपटॉपसाठी ती पुरते. बाहेरची डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. इमेज तयार झाल्यावर तिथे ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाचा फोल्डर दिसतो. त्याचे नाव बदलू नये आणि तो दुसऱ्या फोल्डरच्या आत हलवू नये, नाहीतर परत आणताना तो सापडत नाही. ३०० जीबी माहितीला सेकंदाला १०० एमबी वेगाने पन्नास मिनिटे लागतात. तीच डिस्क चुकून यूएसबी २.० च्या पोर्टला लावली तर पावणेतीन तास. चार्जर लावूनच हे काम करावे, कारण जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावापुरती उरलेली असते.

बॅकअप झाला असे पडद्यावर दिसणे पुरेसे नाही. बाहेरची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावावी, हाताने कॉपी केलेल्यांपैकी चार-पाच फाइली तिथे उघडून पाहाव्यात, आणि मोठ्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसणारी फाइलींची संख्या मूळ फोल्डरशी ताडून पाहावी.

झाकण उघडण्याआधी तीन गोष्टी उरतात. एक, दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करावा. त्यावरचे सगळे पुसले जाते. दोन, सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ या ओळीत लॅपटॉप सुरू होण्याची पद्धत यूईएफआय (नवी) आहे की लेगसी (जुनी) हे लिहून घ्यावे. तीन, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहावे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या लॅपटॉपमध्ये ते मालकाला ठाऊक नसतानाही चालू असू शकते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की खात्यातून घेऊन कागदावर उतरवावी, कारण ती नसेल तर जुन्या डिस्कवरची माहिती डोळ्यांसमोर असूनही वाचता येत नाही.

डिस्क बदलणे

शिफ्ट दाबून शट डाउन करावे, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होतो. चार्जर काढावा. खालचे स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आयत काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरच्या बाजूने कीबोर्डपाशी टोचतो. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. वरळी, वर्सोवा अशा समुद्राकाठच्या घरांत वापरलेल्या लॅपटॉपचे स्क्रू गंजून घट्ट झालेले असतात. तिथे घाई केली की डोक्यावरची खाच झिजते आणि मग स्क्रू निघतच नाही. बरोबर मापाचे टोक लावून, वरून भक्कम दाब देऊन, सावकाश फिरवावे.

झाकण नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पातीने कडेकडेने सोडवावे. आत शिरल्यावर सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर काढावा आणि पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. मुंबईच्या दमट हवेत स्थिर विजेचा धोका कमी असतो, पण एसीच्या खोलीत हवा कोरडी होते, म्हणून मधूनमधून नळासारख्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा.

अडीच इंची डिस्क वर उचलायची नसते. ती कनेक्टरपासून आडवी मागे सरकवावी लागते. तिची चौकट काढून एसएसडीला लावावी आणि तशीच आडवी सरकवून बसवावी. कनेक्टरला पातळ पट्टी जोडलेली असेल तर ती ओढू नये, आधी तिची बारीक कडी उचलावी. एम.२ डिस्क तिरकी, साधारण ३० अंशांत आत घालावी, सोनेरी कडा दिसेनाशी झाली की खाली दाबावी आणि टोकाचा छोटा स्क्रू हलकेच आवळावा.

परत आणणे

आत फक्त नवी डिस्क ठेवून, पेन ड्राइव्ह आणि बॅकअपची डिस्क लावून लॅपटॉप सुरू करावा. पेन ड्राइव्हवरून सुरू करताना यूईएफआय किंवा लेगसी यांपैकी जी पद्धत टिपून ठेवली तीच हवी. मूळ विंडोज लेगसीत असेल आणि पेन ड्राइव्ह यूईएफआयमध्ये सुरू झाला तर इमेज स्वीकारली जात नाही. विंडोज टाकण्याऐवजी दुरुस्तीचा पर्याय निवडून, ट्रबलशूटमधून सिस्टिम इमेज रिकव्हरीपर्यंत जावे. तिथे नवी डिस्क दिसलीच नाही तर इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज ड्रायव्हर (डिस्क ओळखणारे छोटे सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवरून आधी द्यावा लागतो. डिस्क खराब आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये.

विंडोजच कित्येक वर्षांच्या सॉफ्टवेअरने जड झाले असेल तर इमेज न वापरता नवे विंडोज टाकून फक्त फाइली परत आणाव्यात, असे माझे मत आहे. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने डिस्क बदलल्याने तो जात नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. इमेजच्या मार्गाने जाणाऱ्यांपैकी ज्यांचा लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र आहे त्यांनी ती झेपही घ्यावी, मात्र आधी सगळे परत आणून, तपासून, मगच. दोन्ही कामे एकत्र केली की बिघाड कुठून आला ते कळत नाही.

नवी डिस्क मोठी असेल तर उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्हला जोडावी. मध्ये रिकव्हरीचा भाग आला की ‘एक्स्टेंड’ फिकट दिसते. अशा वेळी त्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करणे सर्वांत निर्धोक असते.

मग तपासणी: टॅलीत शेवटचे व्हाउचर दिसते का, एक जुनी पत्रिका योग्य फॉन्टमध्ये उघडते का, प्रिंटर छापतो का, डिजिटल सहीचे टोकन ओळखले जाते का. बिटलॉकर पुन्हा चालू करावे आणि नवी की लिहून घ्यावी.

जुनी डिस्क एन्क्लोजरमध्ये घालून, तारीख लिहून, निदान महिनाभर कपाटात ठेवावी. महिनाअखेरीचा हिशेब किंवा कर भरण्याचे काम एकदा नव्या डिस्कवर पार पडले की विसरलेले काही असेल तर ते तोवर लक्षात येते. त्यानंतर पेंडिंग सेक्टर शून्य असतील तर क्विक फॉरमॅटची खूण काढून ती पूर्ण फॉरमॅट करावी, म्हणजे सर्वत्र शून्ये लिहिली जातात, आणि ती बॅकअपची दुसरी डिस्क म्हणून वापरावी. सेक्टर खराब असतील तर ती भंगारवाल्याला देण्याआधी आतल्या तबकड्यांना ड्रिलने भोके पाडावीत.