गोष्टीचा सारांश लिहायला मुलांना कसं शिकवावं

चौथी ते सहावीच्या मुलांना ‘सारांश लिहा’ म्हटलं की बहुतेक वह्यांत एकच प्रकार दिसतो. सुरुवातीची पाच-सहा वाक्यं पुस्तकातली जशीच्या तशी, पुढे ‘मग... मग... मग’, आणि शेवट एका ओळीत उरकलेला किंवा राहूनच गेलेला. सारांश म्हणजे मधली वाक्यं गाळणं, असा मुलांचा समज असतो. त्यांना शिकवायचं आहे ते वेगळंच: कशामुळे काय घडलं, हा धागा शोधणं.

परीक्षेतल्या उताऱ्याचं एक तृतीयांशाचं माप इथे नको. गोष्टीत संवाद आणि वर्णन भरपूर असतं, त्यामुळे 300 ते 400 शब्दांच्या गोष्टीला 50-60 शब्द पुरतात. तीन तासिका हाताशी ठेवा.

पहिली तासिका: फक्त बोलणं

सुरुवातीला मुलांना पाठ असलेलीच गोष्ट घ्या, म्हणजे समजून घेण्यात शक्ती जात नाही. लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची आणि टुणूक टुणूक भोपळ्याची लोककथा यासाठी उत्तम. गोष्ट एकदा सांगून झाली की फळ्यावर चार प्रश्न लिहा:

1. कोणाला काय हवं होतं?
2. आडवं काय आलं?
3. त्यावर काय केलं?
4. शेवटी काय झालं?

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकाच वाक्यात, तोंडी घ्या. ‘म्हातारीला लेकीकडे जायचं होतं’ हे लगेच येतं. दुसऱ्या प्रश्नाला मुलं कोल्हा, वाघ, अस्वल असं एकेक नाव घेतील. तिथे थांबा आणि विचारा, ‘तिघांनी वेगळं काही केलं का?’ नाही; तिघेही तिला खायलाच आले. मग तिघांना मिळून एकच शब्द: प्राणी. लोककथेत तीच घटना पुन्हा पुन्हा येते आणि ऐकताना तीच गोडी असते. सारांशात मात्र ती एकदाच सांगायची. हे एवढं उमगलं तरी वहीतलं निम्मं पाल्हाळ जातं.

दुसरी तासिका: पट्ट्या काढून पाहा

गोष्टीतल्या दहा-बारा घटना कागदाच्या पट्ट्यांवर लिहा आणि चार-पाच मुलांच्या गटाला एकेक संच द्या. एकेक पट्टी उचलायची आणि विचारायचं: ही नसती तर शेवट असाच झाला असता का?

तूप-रोटी काढली तर काही बिघडत नाही. पण ‘जाडजूड होऊन येते, मग खा’ हे वचन काढलं, तर प्राण्यांनी तिला सोडलंच का, हे कळत नाही. भोपळा काढला तर ती परत कशी पोचली, तेच कळत नाही. ‘चल रे भोपळ्या’ काढायला मुलं कुरकुरतील. त्यांची आवड खोटी ठरवू नका. ती ओळ गोष्ट सांगताना हवीच, सारांशात नको, एवढं स्पष्ट सांगा. शेवटी पाच-सहा पट्ट्या उरायला हव्यात. आठ उरल्या तर पुन्हा चाळा.

तिसरी तासिका: पुस्तक मिटून लिहिणं

पुस्तक उघडं असलं की नक्कल होते, म्हणून ते दप्तरात जाऊ द्या. शेवटचं वाक्य आधी, पानाच्या तळाशी लिहायला लावा. शेवट राहून जाण्यावर हा सर्वांत सोपा इलाज आहे, शिवाय कुठे पोचायचं ते समोर दिसत राहतं. सारांश साधारण असा होईल:

‘एक म्हातारी लेकीकडे निघाली. वाटेत जंगलातले प्राणी तिला खायला आले. परत येताना जाडजूड होऊन येते, मग खा, असं सांगून तिने सुटका करून घेतली. परतताना लेकीने तिला मोठ्या भोपळ्यात बसवलं. प्राण्यांनी भोपळा अडवला. पण आत म्हातारी आहे हे त्यांना कळलं नाही आणि ती सुखरूप घरी पोचली.’

पन्नासच्या आसपास शब्द, आणि अवतरणचिन्हात एकही संवाद नाही.

वाक्यं जोडताना ‘सांगून’, ‘बसून’ अशी रूपं फार उपयोगी पडतात, पण चूकही तिथेच होते. ‘लेकीने भोपळ्यात बसवून म्हातारी घरी आली’ हे वाक्य अडखळतं, कारण बसवणारी एक आणि येणारी दुसरी. दोन्ही कामं एकाच व्यक्तीची असतील तरच ‘-ऊन’ वापरायचं, हा नियम मुलांना लगेच पटतो. ‘त्याने त्याला सांगितलं’ अशा वाक्यातही कोणी कोणाला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. तिथे नाव लिहायला सांगा. ‘मला गोष्ट खूप आवडली’ आणि ‘यातून आपल्याला असा बोध मिळतो’ ही दोन्ही वाक्यं सारांशाबाहेरची. तात्पर्य हवं असेल तर वेगळा प्रश्न द्या.

तपासणी

लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घापासून सुरुवात केली की मूल सारांश विसरतं आणि शुद्धलेखनाच्या धाकात अडकतं. आधी धागा तपासा. अर्ध्या वर्गाला एक गोष्ट आणि उरलेल्यांना दुसरी द्या, मग जोड्या लावून एकमेकांचे सारांश वाचायला द्या. वाचणाऱ्याने ‘पण असं का झालं?’ विचारलं, तर तिथे दुवा तुटलेला आहे. लिहिणाऱ्याने तेवढं एक वाक्य घालावं. दहापैकी सहा गुण या दुव्यांना, दोन लांबीला आणि दोन भाषेला द्यावेत.

अशा दोन-तीन लोककथा झाल्या की ज्यात घटना थोड्या आणि मनातली घालमेल जास्त, अशी गोष्ट निवडा. तिथे ‘काय केलं?’ऐवजी ‘काय ठरवलं?’ विचारावं लागतं, आणि त्यासाठी एक तासिका जास्तीची लागेल.