पाटणादेवीच्या डोंगरात चिंकारा पाहायला निघण्याआधी

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जायचं ठरलं की आमच्या घरात पहिला विषय निघतो तो डब्याचा. मी मात्र यादी दुसऱ्याच टोकापासून धरतो. आपण काय पाहायला निघालोय, हे घरी बसूनच कळलेलं असावं. नाहीतर दिवसभर डोंगर तुडवायचा आणि परत येताना गाडीत म्हणायचं, "काहीच दिसलं नाही." दिसलेलं असतं, पण ओळख नसल्यामुळे डोळ्यासमोरून निघून गेलेलं असतं.

आमचे आप्पा शेपटीच्या आणि चार पायांच्या प्रत्येक रानजनावराला हरीण म्हणतात, आणि खानदेशातली निम्मी माणसं तेच म्हणतात. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी संध्याकाळी सगळ्यांना बसवून एवढं सांगून ठेवा: चितळ आणि सांबर हे सारंग. त्यांच्या नरांची शिंगं फांद्यांची असतात, दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. चिंकारा, नीलगाय, काळवीट, चौशिंगा हे कुरंग. यांची शिंगं पोकळ, बिनफांद्यांची आणि जन्माची सोबत करणारी. गळत नाहीत. भेकर लहान असतं, कुत्र्यासारखं भुंकतं आणि याच रानात, म्हणजे गौताळा अभयारण्यात, भेटतंही, पण ते कुरंग नव्हे. हा फरक पक्का झाला की रानात शिंग दिसताक्षणी अर्धी ओळख पटते.

चिंकाऱ्याचं वर्णन जरा सविस्तर पाठ करा, कारण मुख्य भेट त्याचीच घ्यायची आहे. खांद्यापाशी उंची सुमारे ६५ सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या बोकडाएवढी. वजन वीस-पंचवीस किलो. पाठ वाळल्या गवताच्या रंगाची, पोट पांढरं, डोळ्यापासून नाकाकडे उतरणारा पट्टा. नराची शिंगं वळ्यावळ्यांची आणि बऱ्यापैकी लांब. मादीलाही शिंगं असतात, पण आखूड आणि सडपातळ. शेपटी काळसर, आणि ती सतत हलते. लांबून बहुतेक वेळा अंग दिसतच नाही, हलणारा तो काळा ठिपका तेवढा दिसतो. घाबरला की पुढचा पाय जमिनीवर आपटतो आणि नाकातून शिंकेसारखा आवाज काढतो. तो आवाज आला तर समजा, त्याने आपल्याला आधी पाहिलं आहे.

नीलगाय, म्हणजे आपल्याकडची रोही, ओळखायला सोपी. नर निळसर राखाडी, मादी आणि पिल्लं तांबूस भुरी, गळ्यावर पांढरा डाग, खुरांच्या वर पांढरी कडी. शेताच्या बांधावरही भेटते, म्हणून तिच्यासाठी वेगळी तयारी नको.

डोळ्याची तालीम करायची तर आपल्याजवळ अजिंठा आहे. जळगावहून साठेक किलोमीटर, सोमवारी बंद, एवढं लक्षात ठेवा. तो आणि पाटणादेवीचा डोंगर एकाच सातमाळा-अजिंठा रांगेतले. लेणे क्रमांक १ मध्ये एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. एक बसलेलं, एक मान वळवून पाहणारं, आणि ते एकच डोकं चारही अंगांना चपखल बसतं. तिथे मुलांना पाच मिनिटं उभं करा. कोणत्या अंगाला डोकं धरलं की हरीण चरताना दिसतं आणि कोणत्या अंगाला धरलं की पाय खाजवताना, हे त्यांचं त्यांना शोधू द्या. मग लेणे १७ मध्ये जातककथांतली हरणं पाहा. मानेचा बाक, कानांचा कल, मागच्या पायांवर आलेला भार: ज्याने हे काढलं तो माणूस रानात तासन्‌तास बसला असला पाहिजे. पाटणादेवीला आपल्याला तेवढंच करायचं आहे, बसायचं आणि पाहायचं.

आता कुठे पाहायचं. याचं उत्तर मला पाटणे गावच्या एका जुन्या शोधातून मिळालं. देवीच्या पायथ्याच्या याच पाटण्याला १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडला. त्यावर माणसाने एकमेकींना छेदणाऱ्या रेघा कोरल्या आहेत, आणि त्याचं वय सुमारे २५,००० वर्षं धरतात. भारतातल्या सगळ्यांत जुन्या कलावस्तूंमध्ये त्याची गणना होते. आपल्या चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या खोऱ्यात! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री उठून घरच्यांना सांगितलं होतं. शहामृग म्हणजे मोकळ्या, कोरड्या माळाचा पक्षी. तो इथे अंडी घालत होता, म्हणजे तेव्हा या पायथ्याला गवताचा उघडा माळ असणार. चिंकाऱ्यालाही तेच लागतं. दाट झाडीत तो रमत नाही, त्याला दूरवर नजर जाईल अशी जागा हवी असते. म्हणून कुंडाकडे, धबधब्याकडे, गर्द दरीकडे धावू नका. डोंगर उतरून संपतो आणि खुरटी बोरीबाभळी, विरळ गवत सुरू होतं, तो पट्टा धरा. पाण्याच्या जागी ताटकळूनही फार उपयोग नाही. चिंकारा पाल्यातून आणि दवातून बरीचशी तहान भागवतो आणि दिवसेंदिवस पाण्यावर येत नाही.

दिवस निवडताना दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ धरा. पावसाळ्यात हिरवळ आणि धबधबे सुंदर, पण गवत कमरेएवढं आणि जनावर दिसत नाही. माघ-फाल्गुनात सागाची पानं गळालेली असतात, नजर लांब जाते. मात्र तीच पानं पायाखाली पापडासारखी वाजतात. वैशाखात आपल्याकडचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घेऊन जाऊ नका. नवरात्र आणि चैत्रातल्या यात्रेचे दिवस देवीच्या दर्शनाला राखून ठेवा, रान पाहायला नव्हे. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालचं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. आत जायची वेळ, शुल्क आणि वाटाड्या यांची विचारपूस वनखात्याच्या नाक्यावर आदल्या दिवशी करा. प्रत्येकाचं ओळखपत्र सोबत असू द्या. वाटाड्या घ्याच. ते पैसे गावातल्या घरात जातात आणि त्या माणसाची नजर आपल्या दहा दुर्बिणींना भारी असते.

कपडे मातकट, खाकी, वाळल्या पानाच्या रंगाचे. पांढरा सदरा आणि पांढरी टोपी आपला रोजचा वेष, पण त्या दिवशी घरी ठेवा. उन्हात तो मैलावरून चमकतो. डोक्याला जुनं, धुवून फिकं झालेलं उपरणं बांधा. अत्तर, सुगंधी तेल, फवारा काहीही लावू नका. वास जनावराला कळतो हे एक कारण. दुसरं कारण त्याहून मोठं: या कड्यांना आग्यामोहळं लटकलेली असतात. वास आणि धूर दोन्हीने ती उठतात, आणि उठलेल्या आग्यामाशीपुढे पळायला डोंगरात जागा नसते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला म्हणूनच आधी बजावून ठेवा.

पायात घोट्यापर्यंतचा बूट हवा आणि मोज्यांवर पँटचा खालचा काठ घट्ट बांधलेला हवा. हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या वेळी मी साधे सुती मोजे घालून गेलो. कुसळी गवतातून अर्धा तास चाललो आणि दोन्ही मोजे कुसळांनी भरले. कुसळाचं टोक सुईसारखं, आणि त्याची शेपटी ओली-कोरडी झाली की पीळ घेते. त्यामुळे ते एकेक कापडातून आत, कातडीकडे सरकत जातं. दगडावर बसून मी कुसळं उपटत होतो, तेवढ्यात वाटाड्यादादाने खांद्यावर हात ठेवला. मी मान वर करेपर्यंत तीन चिंकारे टेकाडापलीकडे गेले होते. उडालेली धूळ तेवढी मला दिसली. आता मी गुळगुळीत कापडाची पँट घालतो आणि खालून दोरी बांधतो.

डबा साधा आणि आवाज न करणारा असू द्या. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, दोन-दोन केळी. भाकऱ्या फडक्यात बांधा. चुरचुरणाऱ्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं नकोत. केळीची सालंही परत आणायची, माकडांना द्यायची नाहीत. पाणी माणशी तीन लिटर, आणि ते स्वतःच्या पाठीवर. गूळ आणि मीठ-साखरेची पुडी वरच्या खिशात ठेवा.

दुर्बीण आठ पटीची पुरते. जास्त पटीची घेतली तर हात थरथरतो आणि चित्र स्थिर राहत नाही. घराच्या गच्चीवरून आधी सराव करा: नुसत्या डोळ्यांनी कावळा धरायचा, डोळे न हलवता दुर्बीण वर आणायची. पन्नास वेळा केलं की हात बसतो. मोबाइल पूर्ण बंद. थरथरीवर ठेवलेला फोनही शांततेत ऐकू येतो.

तिथे पोचल्यावर करायची गोष्ट एकच, पण तीच अवघड: बसायचं. चिमूटभर माती हातातून सोडून वारा बघा आणि तो तोंडावर येईल अशा बाजूला, अंजनाच्या किंवा सालईच्या बुंध्याला पाठ लावून बसा. उजाडायच्या आत जागा धरलेली असावी. दुसऱ्या खेपेला आम्ही पाच जण असेच बसलो होतो. सव्वा तास काही नाही. मुंग्या, तांबट पक्ष्याची टुकटुक, दूरवर बकऱ्यांची घंटी. मग वाटाड्यादादा ओठ न हलवता म्हणाला, "हालू नका. तठे देखा." मी गवत पाहिलं, खडक पाहिला, पुन्हा गवत पाहिलं. आणि खडकाला शेपूट आली. काळी, टिचभर, डावी-उजवीकडे हलणारी. त्यानंतर पोटाची पांढरी कड, मग शिंगांची जोडी, असा तो चिंकारा एकेक करून माझ्या डोळ्यांत भरला. तो कधी येऊन उभा राहिला ते पाचांपैकी कोणालाच कळलं नाही. तो बोरीची पानं टिपत होता, दर दोन घासांनी मान वर करत होता, आणि मान वर झाली की आम्ही सगळे श्वास धरत होतो. वीस मिनिटं. माझी पुतणी तेव्हा नऊ वर्षांची होती, तिच्या गालावर माशी बसली तरी तिने हात उचलला नाही.

ऊन चढलं की जनावर सावलीला जातं. मधला वेळ पितळखोरे लेण्यांसाठी. पाटणादेवीकडून पायवाट चढते, ती वाटाड्याशिवाय धरू नका. म्हातारी माणसं सोबत असतील तर गाडीने कन्नड घाट चढून वरच्या बाजूने या. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदायला घेतलेली ही लेणी. एका विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, आणि चैत्यातल्या खांबांवर नंतरच्या काळात रंगवलेल्या बुद्धाच्या आकृत्या टिकून आहेत. इथे कोरलेल्या एका यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. दगडात हात घालणारा सोनार! हत्तींसमोर उभं राहिलं की हे नाव मला हटकून आठवतं.

खांबांवरचा रंग गिलाव्यावर आहे आणि खालचा दगड पोपडे धरतो. म्हणून हात लावायचा नाही, पाठ टेकायची नाही, मोबाइलचा प्रखर झोत मारायचा नाही. फोटोत रंग उठून दिसावा म्हणून चित्रावर पाणी शिंपडणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. पाण्याबरोबर क्षार वर येतात, पांढरा थर धरतो आणि चित्र कायमचं झाकतं. आपल्या टोळीत कोणाच्या हातात बाटली दिसली तर नात्याचा मुलाहिजा न धरता थांबवा. खांबांवर कोरलेली नावं दिसतील. लहान मुलं वाचतील आणि विचारतील, त्यांना खरं उत्तर द्या.

पिशवीत आणखी थोडं: पट्ट्या आणि जंतुनाशक, चिमटा कुसळांसाठी, शिट्टी फक्त वाट चुकल्यास, जाड कापडाची एक बसायची घडी, कचऱ्याची रिकामी पिशवी. अंधार पडायच्या आत नाक्याबाहेर या, बिबट्याचा मुलूख आहे.

आणि एक दोनशे पानी वही. रेघा नसलेली घ्या, म्हणजे चित्रही काढता येतं. तारीख, वेळ, वारा कुठून होता, किती जनावरं, नर-मादी, काय खात होती. माझ्या पुतणीच्या वहीत त्या सकाळच्या पानावर शब्द एकही नाही. गवताच्या चार रेघा आहेत, आणि त्यांच्यावर एक काळी शेपटी.