ढगातली खळबळ विमानाने मोजताना या चुका टाळा

क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या फुगीर ढगात शिरताच विमान हादरतं. तो हादरा म्हणजेच हवेची खळबळ, असं धरून चालणं ही पहिली चूक. हादऱ्यात विमानाचं वजन, पंखांची लवचिकता, वैमानिकाने सावरलेलं नाक असं सगळं मिसळलेलं असतं. आपल्याला हवा असतो वाऱ्याचा वेग, आणि तो वजाबाकीने मिळतो. जीपीएस व जडत्वीय यंत्रणा (विमानाची हालचाल आणि झुकाव आतूनच मोजणारी) विमानाचा जमिनीसापेक्ष वेग देतात, नाकावरचा पाच छिद्रांचा प्रोब (छिद्रांवरचा हवेचा दाब मोजणारी दांडी) हवेसापेक्ष.

विमानाचा वेग सेकंदाला 100 मीटर, आणि शोधायचा उभा वारा एक-दोन मीटरचा. हवा नाकावर ज्या कोनात येते तो कोन नुसता 0.1 अंशाने चुकला तरी उभ्या वाऱ्यात सेकंदाला 0.17 मीटरची चूक येते. म्हणून आधी ढगाबाहेर, शांत हवेत, वैमानिकाला नाक लयीत वर-खाली करायला सांगा. हिशेबातून आलेल्या उभ्या वाऱ्यात तीच लाट उमटली, तर कॅलिब्रेशन चुकलंय किंवा दोन उपकरणांची घड्याळं जुळत नाहीत. इंधन वाचवायला ही चाचणी गाळू नका, कृपा करून.

मला सर्वात भीती वाटते ती गुपचूप होणाऱ्या चुकीची. प्रोबच्या छिद्रात पाणी किंवा बर्फ अडकलं की दाबाची रेषा एकाएकी गुळगुळीत होते, तीही ढग सर्वात दाट असतो तिथेच. ‘गाभा शांत आहे’ असं लिहून मोकळे होऊ नका. ढगातल्या पाण्याचा आलेख शेजारी ठेवा. पाणी वाढताच रेषा सपाट झाली आणि ढगाबाहेर आल्यावरही तशीच राहिली, तर तेवढी नोंद बाद करा. तापमापीही भिजते, आणि बाहेर पडल्यावर बाष्पीभवनामुळे खऱ्यापेक्षा थंड आकडा दाखवते.

एक किलोमीटर रुंद ढग 10 सेकंदांत मागे पडतो. त्या सगळ्याची एकच सरासरी काढली, तर मधला वर जाणारा झोत आणि कडेला कोरडी हवा आत ओढणारे भोवरे एकत्र कालवले जातात. तुकडे पाडूनच बघा. सेकंदाला 25 नोंदी म्हणजे दर 4 मीटरला एक, आणि एक भोवरा ओळखायला किमान दोन लागतात, त्यामुळे 8 मीटरहून लहान भोवऱ्यांबद्दल बोलू नका.

ऊर्जाक्षयाचा दर, म्हणजे खळबळीची ऊर्जा ज्या वेगाने उष्णतेत विरते तो, वेगाच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे वेगाचे चढउतार 10 टक्के जास्त मोजले की दर 33 टक्के फुगतो. तो काढण्याआधी स्पेक्ट्रमचा (कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा, हे दाखवणाऱ्या लॉग-लॉग आलेखाचा) उतार उणे 5/3 आहे का ते पाहा. हा उतार दिसतो त्या पट्ट्यात उभ्या वाऱ्याचा स्पेक्ट्रम उड्डाणाच्या दिशेतल्या वाऱ्याच्या 4/3 पट असायला हवा. दोन्ही सारखेच निघाले, तर पुन्हा प्रोबकडे वळा.